पवनचक्की: पाटीवरचे किलोवॉट आणि हाती येणारी वीज

प्रश्न असा आहे: वाऱ्यापासून वीज नेमकी कशी तयार होते, तिचे खरे फायदे कोणते, आणि पाटीवर ‘१ किलोवॉट’ लिहिलेली लहान पवनचक्की छतावर बसवली तर घरची वीज त्यावर भागेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. बहुतेक छतांवर भागणार नाही. यंत्र चांगलं असलं तरी नाही, कारण पाटीवरचा आकडा यंत्राचा असतो आणि वीज जागेच्या वाऱ्यावर ठरते. हे एकदा नीट लक्षात आलं की पवनऊर्जेतल्या बाकी बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअस तापमानात, एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२२५ किलो भरतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दोन गोष्टी एकदम घडतात: चक्कीतून दर सेकंदाला दुप्पट हवा जाते आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट गतिज ऊर्जा असते. दोन गुणिले चार, म्हणजे आठपट. म्हणून वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आकड्यांत सांगायचं तर सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे जेमतेम ३९ वॉट असतात, ८ मीटरला ३१४ आणि १२ मीटरला १,०५८. हातातला पंखा फिरवताना हा फरक जाणवत नाही, पण वर्षभराच्या युनिटांत तो सगळं ठरवतो.

ही सगळी शक्ती काढून घेता येत नाही. पात्यांनी हवेची सगळी गती शोषली तर हवा मागे तिथेच थांबेल आणि पुढून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही. हवा मूळ वेगाच्या एक तृतीयांश वेगानं मागे निघून गेली तर जास्तीत जास्त शक्ती मिळते आणि ती असते ५९.३ टक्के. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास हे गणित मांडलं, म्हणून तिला बेट्झ मर्यादा म्हणतात. मोठ्या आधुनिक चक्क्यांचा रोटर, म्हणजे पात्यांचं फिरणारं चाक, ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. लहान चक्क्या सगळं नुकसान धरून २० ते ३० टक्क्यांत राहतात. ६० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेचा दावा कुणी करत असेल, तर त्याच्याशी पुढचं बोलणं करण्यात अर्थ नाही.

आता ती १ किलोवॉटची चक्की घेऊ. तिचा रोटर साधारण २ मीटर व्यासाचा असतो, म्हणजे पाती फिरताना ३.१४ चौरस मीटरचं वर्तुळ व्यापतात. पाटीवरचे १,००० वॉट सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात मिळतात. वस्तीतल्या छतावर सरासरी वारा ४ मीटरचा असेल, तर त्या वेगाला तीच चक्की ३० वॉटच्या आसपास देते. वारा एकसारखा वाहत नाही, आणि जोराच्या झुळका घनाच्या नियमामुळे सरासरीपेक्षा जास्त ऊर्जा आणतात. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ ८ मीटर वारा असेल, तर सरासरी ६ होते, पण शक्ती सतत ६ मीटरच्या वाऱ्यापेक्षा एक तृतीयांशानं जास्त भरते. त्यामुळे वर्षाची सरासरी ३० ऐवजी ५०–६० वॉटपर्यंत जाऊ शकते. दिवसाला एक ते दीड युनिट, तेही वारा मोकळा असेल तर.

छतावर तो मोकळा नसतो. इमारतीला धडकून वारा फुटतो, कठड्यावरून उसळतो आणि भोवरे तयार होतात. अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट उंचीपर्यंत, आणि वारा पुढे जातो त्या बाजूला उंचीच्या सुमारे वीसपट अंतरापर्यंत हवा विस्कटलेली राहते. अशा हवेत चक्की सारखी तोंड फिरवत बसते, वेग पकडत नाही, आणि तिचा कंप पाइपातून स्लॅबमध्ये उतरतो. जुना आणि आजही उपयोगी ठोकताळा असा: पात्याचं सर्वांत खालचं टोक १५० मीटरच्या परिघातल्या सगळ्या झाडा-इमारतींपेक्षा किमान ९ मीटर वर असावं. उभ्या आसाच्या चक्क्यांना वारा कोणत्याही दिशेचा चालतो हे खरं आहे, पण विस्कटलेल्या हवेत ऊर्जाच कमी असते, आणि त्यांची पाती प्रत्येक फेरीत उलटसुलट ताण सोसत असल्यामुळे लवकर थकतात.

उंचीचा फायदा मोजून पाहण्यासारखा आहे. मोकळ्या, सपाट जमिनीवर वेग उंचीच्या एक सप्तमांश घातानं वाढतो. १० मीटरवरून ३० मीटरवर गेलं की वेग १७ टक्क्यांनी वाढतो आणि शक्ती सुमारे ६० टक्क्यांनी. जमीन झाडीची किंवा उंचसखल असेल तर हा फरक आणखी मोठा होतो. खर्च वाढवायचाच असेल तर आधी मनोऱ्यावर वाढवावा, जनित्रावर नंतर.

आता यंत्राकडे येऊ. वारा पात्याला ढकलतो म्हणून ते फिरतं, असा समज सर्रास आढळतो. नुसत्या ढकलण्यावर चालणारं यंत्र वाऱ्यापेक्षा वेगानं पळू शकत नाही आणि फार थोडी ऊर्जा काढतं. आधुनिक पातं विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याच्या एका बाजूला दाब कमी होतो, उचल निर्माण होते, आणि त्या उचलीचा फिरण्याच्या दिशेतला भाग रोटरला ओढत नेतो. पात्याचं टोक वाऱ्याच्या सात-आठ पट वेगानं जातं. १०० मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला १५ फेरे घेत असेल तर खालून तो संथ दिसतो, पण टोक सेकंदाला ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या वर धावत असतं. बुंध्याकडचा भाग मात्र हळू फिरतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी येणाऱ्या वाऱ्याचा कोन वेगळा असतो, आणि पातं बुंध्यापासून टोकापर्यंत पिळलेलं असतं.

पाती तीनच का? अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये उभारलेल्या चक्कीला १७ मीटरच्या चाकावर १४४ पाती होती आणि ती १२ किलोवॉट देत असे. थोड्याच वर्षांत डेन्मार्कच्या आस्कोव्ह गावी पॉल ला कूर यांनी प्रयोगांतून दाखवलं की विजेसाठी थोडी आणि वेगानं फिरणारी पाती जास्त चांगली. पुष्कळ पाती पाणी उपसायला बरी, कारण तिथे सुरुवातीलाच जोर लागतो. दोन पात्यांचा रोटर हलका पडतो, पण चक्की तोंड वळवत असताना पाती उभी असतील तर एक जडत्व आणि आडवी असतील तर दुसरं, असा धक्का प्रत्येक फेरीत मनोऱ्याला बसतो. तीन पात्यांत हा प्रश्न येत नाही.

पात्यांमागे हब (पाती जोडलेला मधला गाभा), मुख्य दांडा आणि त्याचं बेअरिंग असतं. पुढे बहुतेक यंत्रांत गिअरबॉक्स येतो. तो १५ फेऱ्यांचे सुमारे १,५०० फेरे करतो आणि त्यावर जनित्र चालतं. गिअरबॉक्स नको असेल तर अनेक ध्रुवांचं, मोठ्या व्यासाचं जनित्र थेट रोटरला जोडतात. त्यात फिरणारे भाग कमी, पण वजन जास्त, आणि बहुतेकदा चुंबकांसाठी निओडिमियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्यं लागतात. वाऱ्याबरोबर फेरे बदलतात म्हणून विजेची वारंवारताही बदलते. ती ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, ५० किंवा ६० हर्ट्झला जुळवण्याचं काम कन्व्हर्टर करतो. जनित्राचा बहुधा ६९० व्होल्टचा दाब रोहित्रातून अनेकदा ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवला जातो आणि केबल उपकेंद्राकडे निघते.

१०० मीटरच्या रोटरचं वर्तुळ ७,८५४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन एकर भरतं. ८ मीटरच्या वाऱ्यात त्यातून दर सेकंदाला ७७ टन हवा जाते. त्यातली शक्ती सुमारे २.४६ मेगावॉट असते, आणि ४५ टक्के धरले तर १.१ मेगावॉट हाती येते.

सेकंदाला ३ ते ४ मीटर वारा सुटला की वीज सुरू होते आणि ११ ते १३ मीटरला यंत्र पूर्ण क्षमतेवर पोचतं. त्याच्या वरची ऊर्जा मुद्दाम सोडून द्यावी लागते, नाहीतर जनित्र आणि मनोरा दोन्ही धोक्यात येतात. त्यासाठी पिच मोटरी पाती थोडी थोडी वळवून उचल कमी करतात. साधारण २५ मीटरला, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, पाती वाऱ्याशी समांतर करून चक्की थांबवतात. मोठ्या चक्कीचा खरा ब्रेक हाच आहे. प्रत्येक पात्याची पिच यंत्रणा स्वतंत्र असते आणि ग्रिड गेली तरी चालावी म्हणून तिला बॅटरी किंवा तेलदाबाचा साठा दिलेला असतो. एक पातं जरी पूर्ण वळलं तरी चक्की सुरक्षित वेगावर येईल, अशी रचना असते. दांड्यावरचा डिस्क ब्रेक मुख्यतः देखभालीच्या वेळी रोटर जागेवर धरून ठेवायला वापरतात. पिचच्या बॅटऱ्यांची तपासणी पुढे ढकलणं ही या धंद्यातली सर्वांत धोकादायक आळशी सवय आहे.

बिघाडांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फायद्याचं गणित तिथेच बिघडतं. सर्वांत जास्त वेळा बंद पाडतात ते सेन्सर, पिच यंत्रणा आणि कन्व्हर्टर, पण ते काही तासांत दुरुस्त होतात. गिअरबॉक्स क्वचित जातो, आणि गेला की मोठी क्रेन येईपर्यंत आठवडे जातात. त्याला मारतो तो सततचा भार नव्हे. आणीबाणीचे थांबे आणि ग्रिडमधले झटके यांनी टॉर्क, म्हणजे दांड्यावरचा पिळाचा जोर, क्षणात उलटतो, बेअरिंगचे रोलर घसरतात आणि पोलादात पृष्ठभागाखाली बारीक भेगा पडतात. म्हणून दर सहा महिन्यांनी तेलाचा नमुना घेऊन त्यातले धातूचे कण आणि पाणी तपासायचं, आणि कंपनाची नोंद सतत ठेवायची. कणांची संख्या चढू लागली तर दुर्बीण आत घालून दाते पाहायचे. अशी वेळेवर चाहूल लागली तर नुसतं बेअरिंग मनोऱ्यावरच बदलून भागू शकतं.

जनित्राच्या बेअरिंगचा एक बिघाड पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकवतो. रिंग उघडली की आतल्या धावपट्टीवर धुणं घासायच्या पाटासारख्या समांतर, करड्या रेघा दिसतात. वंगण काळं पडलेलं असतं. ही झीज भारानं झालेली नसते. कन्व्हर्टरमुळे दांड्यावर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगमधून ठिणग्या पाडत जमिनीकडे जातं. दांड्याला टेकणारा अर्थिंगचा ब्रश झिजलेला किंवा कार्बनच्या भुकटीनं माखलेला सापडतो. ब्रश न बदलता नवं बेअरिंग बसवलं तर तेही तसंच जाणार.

दुसरा बिघाड कसलाही अलार्म देत नाही. नॅसेलवरचं, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवरचं, वाऱ्याचं दिशादर्शक काही अंश चुकीचं बसलेलं असतं आणि चक्की वर्षानुवर्षं वाऱ्याकडे तिरकी उभी राहते. १० अंशांचा तिरकेपणा म्हणजे ३ ते ४.५ टक्के उत्पादन कमी, आणि पात्यांवर ताण जास्त तो वेगळाच. शेजारच्या चक्कीशी त्याच वाऱ्यात तुलना केली, किंवा नॅसेलवर काही आठवडे लायडार (लेझरनं वारा मोजणारं उपकरण) ठेवला की हे उघड होतं. मग सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की काम झालं.

पात्याच्या पुढच्या कडेला पाऊस, गारा आणि वाळू झिजवतात. सेकंदाला ७८ मीटर वेगानं आदळणारा थेंब रंग सोलतो, मग खालचा भराव, मग काचतंतू. कड खडबडीत झाली की उचल घटते आणि उत्पादन काही टक्क्यांनी खाली येतं. घासणं, भराव आणि लेप हे काम कोरड्या हवेत, ठरलेल्या तापमानातच करावं. ओल राहिली तर लेप पुन्हा सुटतो. आकाशातून पडणाऱ्या विजेसाठी पात्याच्या टोकाला धातूचा ग्राहक असतो आणि तिथून आत केबल जाते. ती कुठे तुटली असेल तर वीज पात्याच्या आतून वाट काढते आणि आतला दमटपणा क्षणात वाफ होऊन पातं फाटतं. म्हणून ही वाट अखंड आहे का, हे मीटर लावून तपासायचं. बाहेरून पाहून ते कळत नाही. मनोऱ्याचे बोल्ट पहिल्या सुमारे ५०० तासांनंतर पुन्हा ताणून पाहायचे आणि नटावरून बोल्टवर रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

प्रकल्प उभारताना निदान एक पूर्ण वर्ष हबच्या जवळच्या उंचीवर वारा मोजावा, म्हणजे सगळे ऋतू त्यात येतात. मग ती नोंद जवळच्या दीर्घकालीन नोंदींशी ताडून पाहावी, कारण मोजलेलं वर्ष जास्त वाऱ्याचंही असू शकतं. वेग ५ टक्के जास्त धरला गेला तर शक्तीचा अंदाज सुमारे १६ टक्क्यांनी फुगतो, आणि कर्जाचे हप्ते त्या फुगलेल्या आकड्यावर ठरतात. चक्क्या एकमेकींच्या सावलीत येऊ नयेत म्हणून मुख्य वाऱ्याच्या दिशेत रोटरच्या व्यासाच्या पाच ते सात पट आणि आडव्या दिशेत तीन ते पाच पट अंतर ठेवतात. जागा वाचवायला एखादी चक्की जास्त दाटीनं बसवली तर ती स्वतः कमी वीज देतेच, शिवाय मागचीलाही विस्कटलेल्या हवेत लवकर म्हातारी करते.

२ मेगावॉटची चक्की वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालली तर १ कोटी ७५ लाख युनिटं देईल. जमिनीवरच्या चांगल्या जागी त्यातले २५ ते ३५ टक्के मिळतात. ३० टक्के धरले तर साडेबावन्न लाख युनिटं. याचा अर्थ चक्की ७० टक्के वेळ बंद असते असा नव्हे. ती बहुतेक वेळ फिरत असते, फक्त अर्धवट वाऱ्यात. समुद्रात हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं, कारण तिथे अडथळे नाहीत. डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे १९९१ मध्ये समुद्रातला पहिला प्रकल्प सुरू झाला तेव्हा ४५० किलोवॉटच्या ११ चक्क्या मिळून जवळपास ५ मेगावॉट होत. आज समुद्रातली एकच मोठी चक्की त्याच्या दुपटीहून जास्त क्षमतेची असते.

फायद्यांत पहिला म्हणजे इंधन लागत नाही आणि धूरही होत नाही. पोलाद, काँक्रीट, वाहतूक, मोडतोड सगळं धरून एका युनिटमागे सुमारे ११ ते १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या २०१४ च्या अहवालात कोळशाचा हाच आकडा ८२० आहे. चक्की बनवायला लागलेली ऊर्जा ती चांगल्या जागी साधारण वर्षभरात परत देते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालते. मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा पाण्याचा आहे. औष्णिक केंद्राला वाफ थंड करायला सतत पाणी लागतं, चक्कीला वीज बनवताना ते लागतच नाही. जमीनही फार अडत नाही. पाया, क्रेनची जागा आणि रस्ता सोडला की चक्क्यांच्या मधल्या जमिनीत शेती आणि चराई चालू राहते.

अडचणी लपवण्यासारख्या नाहीत. वारा आपल्या गरजेनुसार वाहत नाही, म्हणून अंदाज, दूरदूरच्या जागांची जोड, सौरऊर्जा, जलविद्युत आणि साठवण यांची साथ लागते. डेन्मार्कनं अर्ध्याहून अधिक वीज वाऱ्यावर नेली आहे, आणि त्यामागे शेजारी देशांशी जोडलेल्या वाहिन्या आहेत. वटवाघळं मुख्यतः मंद वाऱ्याच्या रात्री मरतात. त्या वेळी ५ ते ६ मीटर वाऱ्याखाली चक्की थांबवून ठेवली तर मृत्यू जवळजवळ निम्म्यानं किंवा त्याहून जास्त घटतात आणि वर्षाचं उत्पादन एखाद्या टक्क्याच्या आतच कमी होतं. हे प्रत्येक प्रकल्पानं करायलाच हवं. मनोऱ्याचं पोलाद वितळवून पुन्हा वापरता येतं. पात्यांचे काचतंतू आणि घट्ट झालेलं रेझिन वेगळं करणं मात्र अजून अवघड आहे.

आता पुन्हा घराकडे. जागा मोकळी असेल, वाऱ्याच्या वेगाची वर्षभर मोजलेली सरासरी सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल आणि १८ ते ३० मीटरचा मनोरा उभारता येत असेल, तरच लहान चक्कीचा विचार करावा. पाटीवरचे किलोवॉट नंतर पाहावेत, आधी रोटरचा व्यास आणि ५ मीटर सरासरीला वर्षाची युनिटं किती हे विचारावं. शेजारी सौर पॅनेल असलं की ढगाळ, वाऱ्याचे दिवस चक्की सांभाळते. बॅटरीवर चालणाऱ्या चक्कीला भार नसताना कधीही फिरू देऊ नये. बॅटरी भरली की कंट्रोलरनं वीज तापणाऱ्या रोधकाकडे वळवली पाहिजे, नाहीतर रोटर मोकळा सुटून पाती मोडतात. दुरुस्तीला हात घालताना वारा मंद असेल ती वेळ निवडावी, आधी ब्रेकच्या स्विचनं जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात, रोटर रांगण्याइतका हळू झाला हे डोळ्यांनी पाहावं, आणि मगच बॅटरीची तार सोडावी.